देखाव्याला भाव, राखणदाराला नोटीस



जिल्ह्याची बैठक या वेळी तळोज्यात आहे. पेंधरला मेट्रोतून उतराल किंवा मुंब्रा-पनवेल रस्त्याने याल, तेव्हा एक काम करा. रस्त्याकडेचे फलक वाचा. पश्चिमेला खारघरचा डोंगर, पूर्वेला मलंगगड, चंदेरी आणि माथेरानची धार, आणि मधल्या सपाटीवर इमारती. फलकावर घराचे चित्र लहान असते, डोंगराचे मोठे असते. डोंगराकडे तोंड करून असलेल्या खिडकीचे पैसे बिल्डर वेगळे लावतो. त्याला 'हिल व्ह्यू' म्हणतात. जितका वरचा मजला तितका डोंगर जास्त आणि तितका भाव जास्त.

म्हणजे डोंगराला भाव आहे. पावसाळ्यातल्या हिरव्या रंगाला भाव आहे. धबधब्याला तर भाव आहेच. प्रश्न एवढाच की हा भाव कोणाच्या पदरात पडतो. हा डोंगर बिल्डरने उभा केलेला नाही. त्याचा मोठा भाग सरकारी जंगल आहे, आणि सरकारी म्हणजे सगळ्यांचे असे आपण शाळेत शिकलो.

आता त्याच डोंगराखालच्या एका वाडीतली गोष्ट. पहाटे उठून डोंगरात गेलेली बाई सुक्या काटक्यांची मोळी घेऊन उतरली. वाटेत मोळी उतरवून घेतली, वर दम मिळाला. मोळीची किंमत किती? एका वेळच्या चुलीइतकी. दूरवरून डोंगर दाखवून लाखो रुपये घेणारा प्रतिष्ठित व्यापारी ठरतो. डोंगराच्या अंगाखांद्यावर जन्म काढणारी बाई चोर ठरते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू वनकायदा वाचूनच केली असावी.

या लेखात आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. डोंगर आणि नदी हा देखावा नव्हे, ते पाण्याचे कोठार आहे. त्या कोठाराची राखण पायथ्याच्या माणसाशिवाय होत नाही. तेव्हा राखणीचा अधिकार त्याला द्या आणि राखणीचे दामही द्या.

पाण्याचा हिशेब

आम्ही शेतीशास्त्राची पदवी घेतलेली माणसे. डोंगराकडे पाहिले की सवयीने रंगाआधी हिशेब डोळ्यांपुढे येतो. तो तुम्हीही मांडून पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर. एवढे पाणी दरवर्षी फुकट येते, आणि मार्च उजाडला की वाडीतली बाई हंडा घेऊन दोन मैल चालते. पाणी जाते कुठे?

आपला डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यावर मातीचा थर फूट-दोन फूट, कुठे तेवढाही नाही. पाणी मुरते ते त्या मातीत आणि पाषाणाच्या भेगांत. वर ऐन, किंजळ, जांभूळ असेल, खाली कारवी आणि गवत असेल, त्याखाली पालापाचोळ्याची गोधडी असेल, तर पावसाचा थेंब तीन ठिकाणी अडतो आणि मग जमिनीला लागतो. माती हलत नाही, पाणी हळू उतरते, झरा होळीपर्यंत टिकतो. गोधडी जळाली की पहिल्याच वळवाचा मार उघड्या मातीवर बसतो. माती ओढ्याला लागते, भेगांची तोंडे गाळाने बुजतात, पाणी दोन तासांत खाली येते. त्याच पाण्याने खाली पूर येतो आणि वर पुढच्या उन्हाळ्यात टंचाई होते. पूर आणि टंचाई ही दोन संकटे नव्हेत, एकाच दुखण्याची ही दोन लक्षणे आहेत.

उंच इमारतीच्या खिडकीतून जळलेला डोंगर आणि राखलेला डोंगर यांतला फरक जुलैमध्ये दिसत नाही. दोन्ही हिरवेच दिसतात. गवत पंधरा दिवसांत उगवते. फरक कळतो फेब्रुवारीत, विहिरीच्या तळाशी. म्हणून ज्याला विहिरीत वाकून पाहावे लागते त्याच्याच हाती डोंगर हवा.

एका नदीचे पाच धनी

तळोज्याची कासाडी नदी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. डोंगरातून निघते तेव्हा ती तुमच्या-आमच्या नदीसारखीच नदी असते. औद्योगिक वसाहतीपाशी पोहोचली की तिचे गटार होते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातले निळे कुत्रे देशाने पाहिले. कारखान्याच्या रंगाने कुत्र्यांचे अंग निळे झाले होते. चित्रे छापून आली, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीतले कोळी सांगत होते की जाळ्यात मासा येत नाही, आला तर वास मारतो. पण कोळ्याचे रिकामे जाळे वर्तमानपत्राला चित्र वाटत नाही. निळे कुत्रे वाटते.

ही नदी अशी का झाली? कारण तिला पाच धनी आहेत. डोंगरात ती वनखात्याची. पायथ्याला महसूल खात्याची. सपाटीवर औद्योगिक महामंडळाची. वस्तीत महापालिकेची. खाडीच्या तोंडाशी कांदळवनाचा कक्ष वेगळा. प्रत्येकाचा नकाशा आपल्या हद्दीपुरता. वरचा म्हणतो, माझ्याकडे पाणी स्वच्छ आहे. खालचा म्हणतो, घाण वरून आली. मधला म्हणतो, प्रक्रिया केंद्र आहे. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जाऊन आले. पाच धनी असलेली म्हैस जशी उपाशी मरते तशी ही नदी मेली.

उगमापासून खाडीपर्यंत ही नदी एकच आहे हे फक्त दोघांना कळते. वर डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्याला आणि खाली खाडीतल्या कोळ्याला. एकाच्या दारी ती जन्मते, दुसऱ्याच्या दारी मरते. या दोघांपैकी एकालाही तिच्या कारभारात खुर्ची नाही.

कायदा कोणापुढे वाकतो

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा. इंग्रज गेले, कायदा राहिला. आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी आपले आजे-पणजे कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. त्यांना जंगल लुटायचे नव्हते. सरपणावरचा आणि टहाळावरचा आपला हक्क सांगायला ते गेले होते. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. आज त्या जागी दरवर्षी शासकीय मानवंदना होते. बंदुका आकाशाकडे रोखून सलामी दिली जाते. पण ज्या कायद्याविरुद्ध ते आठ जण पडले, तो कायदा पुस्तकातून निघालेला नाही.

हा कायदा सगळ्यांना सारखाच कडक असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण पाहा. विमानतळ हवा होता, तर सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावठाणे उठवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. डोंगर हलवता येतो आणि नदी वळवता येते हे सरकारने स्वतःच सिद्ध केले. माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश केंद्राने २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्याला आमचा विरोध नाही. पण बदलापूर आणि पनवेलच्या मधल्या त्याच डोंगररांगेच्या पोटातून मुंबई-बडोदा द्रुतगती मार्गाचा जुळा बोगदा काढायला ती संवेदना आड आली नाही. संवेदना आड येते ती वाडीला पायवाट करायची म्हटली की.

विमानतळ नको, रस्ते नकोत, असे आम्ही म्हणत नाही. आपली पोरेही त्याच रस्त्याने कामाला जातात. आमचे म्हणणे सरळ आहे. गरज पडली की डोंगर वाकतो, हे मान्य असेल तर ती गरज फक्त शहराची का मोजता? आणि जंगल तोडल्याची भरपाई म्हणून प्रकल्पवाल्यांकडून जो पैसा जमा होतो, ज्यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, त्यातला पैसा जंगल राखणाऱ्या गावाच्या हाती का पडत नाही? जंगल गेल्यावर सरकारला पैसे मिळतात. ते इतकी वर्षे ज्यांनी टिकवले त्यांना काय मिळाले?

आपल्या पदरातला निखारा

दुसऱ्याला विचारताना आपला पदरही झाडून पाहावा. खारघरच्या डोंगराला उन्हाळ्यात वणवे लागतात. ते सगळेच शहरातून येणाऱ्या पर्यटकाच्या विडीने लागत नाहीत. नवे गवत चांगले येते म्हणून आपणही काडी ओढतो. सशा-डुकराच्या शिकारीसाठी ओढतो. कुंपणाकडेचे गवत जाळायला लावलेली आग डोंगरावर चढते आणि आपण घरी येऊन झोपतो. ही आग आपल्याच विहिरीला लागते, हे वर हिशेबात सांगितले.

दुसरी गोष्ट राबाची. भाताच्या रोपवाटिकेसाठी टहाळ, गोवर, गवत जाळायचे ही कोकणातली जुनी रीत. वर्गात आम्हाला ती अडाणी म्हणून शिकवली आणि आम्हीही पदवीच्या तोऱ्यात गावोगाव तसेच सांगत फिरलो. ते आमचे चुकले. राब भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून खत मिळते, चिखलाच्या जमिनीत रोप सहज उपटते. रीत अडाणी नव्हती, तिच्यापाठी हिशेब होता. इंग्रजांनाही तो मान्य करावा लागला. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी ओरड केली तेव्हा १८८५ साली त्यांना वन आयोग नेमावा लागला. पण तेव्हा वरकस जमिनी होत्या, झाडे मुबलक होती. आता तेवढी झाडे नाहीत. आणि आता दुसरा मार्ग आहे. माथेरानच्या पलीकडच्या अंगाला, नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर भात थेट टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, रोपवाटिका नाही, म्हणून राबही नाही. मजुरी वाचते आणि डोंगरातला टहाळ झाडावर राहतो. आपण हे करून दाखवले तर उद्या जंगलावर हक्क सांगताना आपला आवाज दुप्पट चढेल.

तिसरी गोष्ट कडू आहे. वरकस जमिनी फार्महाऊसवाल्यांना विकल्या त्या आपणच. भाताला भाव नाही, पोराच्या लग्नाला पैसा हवा, म्हणून विकल्या हे खरे. पण ओढ्याच्या मुखाशी कुंपण पडले ते आपल्या सहीने.

बंदीने राखण होत नाही

वनखात्याकडे डोंगराच्या कारभाराचे दोनच उपाय आहेत. एक कुंपण आणि दुसरा बंदी. खारघरच्या पांडवकड्याचेच घ्या. सुमारे १०७ मीटरचा धबधबा, पावसाळ्यात प्रवेशबंदी, रस्त्यावर पोलीस. तरी माणसे आडवाटेने चढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये चार विद्यार्थिनी तिथल्या लोंढ्यात वाहून गेल्या. कोणाच्या तरी लेकी होत्या. बंदीचा फलक पाणी कधी चढेल हे सांगत नाही. ते सांगतो डोंगरावरच्या वाडीतला म्हातारा. वर ढग कुठल्या बाजूला बसला की खाली किती वेळात लोंढा येतो, हे त्याला पाठ असते. त्याच्या पोरांना वाटाडे म्हणून नेमा, चढण्या-उतरण्याच्या वेळा त्यांच्या हाती द्या, शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा करा. माणसेही वाचतील आणि वाडीलाही चार पैसे मिळतील. प्रबळमाचीची ठाकर मंडळी कलावंतिणीच्या वाटेवर पाहुण्यांना भाकरी घालतात आणि वाट दाखवतात. हे ज्ञान त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात घेतलेले नाही.

डोंगराला देखावा समजले की त्यावरची माणसे दिसत नाहीशी होतात. इर्शाळगड कित्येकांनी छायाचित्रात पाहिला होता. त्याच्या कुशीत एक वाडी आहे आणि तिला धड रस्ता नाही, हे राज्याला कळले १९ जुलै २०२३ च्या रात्री, दरड कोसळल्यावर. बचावाला निघालेली माणसे पायी चढली, यंत्रे खालीच राहिली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडली नाहीत आणि शोध थांबला. पाऊस कोणाच्या हातात नव्हता. रस्ता होता.

वनरक्षकाशी आमचे भांडण नाही. तोही कोणा शेतकऱ्याचाच पोरगा आहे, आणि एकट्याने एवढा डोंगर सांभाळणे त्याच्या बापाच्यानेही होणार नाही. भांडण आहे ते कारभाराच्या रीतीशी. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या झाल्या. अध्यक्ष गावाचा, पण सचिव खात्याचा. वही, शिक्का आणि पैसा सचिवाकडे. हार घालायला तेवढा अध्यक्ष.

कायदा आपल्या बाजूलाही आहे

वन हक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम ३(१) मध्ये ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क लिहिला आहे. कोणाची मेहेरबानी नव्हे, हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर तो मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही गावाच्या हाती आला. लोक म्हणत होते, गावाच्या हाती जंगल दिले की आठवड्यात बोडके होईल. मेंढ्याचे जंगल उभे आहे. कापून संपवणारा त्यात परत जात नाही. रोज परत जाणारा कापताना उद्याचा विचार करतो.

आपल्या जिल्ह्यात या कायद्याखाली दळीच्या पट्ट्यांचे, म्हणजे ठाकर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या जिथे नाचणी-वरी काढत आले त्या जमिनींचे दावे झाले. ते लढूनच मिळवावे लागले. पण सामूहिक वनाच्या दाव्यात आपण मागे आहोत. एक अडचण ध्यानात घ्या. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तळोज्यासह गावे तिच्यात गेली, ग्रामपंचायती बुडाल्या. डोंगर जागेवर राहिला आणि त्यावर हक्क सांगणारी ग्रामसभा नाहीशी झाली. पालिकेतल्या वाड्यांना हा हक्क कोणत्या सभेमार्फत मिळणार, याचे उत्तर लेखी घेतल्याशिवाय आपण उठायचे नाही.

आता दामाबद्दल. पनवेलला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचे पाणी जाते, नवी मुंबईला धावरी नदीवरच्या मोरब्याचे. दोन्ही नद्यांचे पाणी या डोंगरांतून येते. शहर नळाची पट्टी भरते, ती धरण, पंप आणि नळ यांची. डोंगराचा वाटा त्यात शून्य. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरापुढे हाच प्रश्न आला होता. पाणी गाळायला अवाढव्य प्रकल्प बांधायचा की पाणी येते तिथला डोंगर आणि शेती सांभाळायची? १९९७ मध्ये शहराने वरच्या खोऱ्यातल्या गावांशी करार केला आणि राखणीसाठी पैसा वर पाठवला. कारण तो स्वस्त पडला. आम्हीही दया मागत नाही. व्यवहार मांडतो.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. पायथ्याच्या प्रत्येक गावाने आणि वाडीने वन हक्क समिती तपासावी. तिच्यात किमान एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत. नसतील तर ग्रामसभा बोलावून नवी निवडावी. सामूहिक वनाचा दावा दिवाळीपूर्वी दाखल करावा. पुरावे एकाहून अधिक लागतात, पण जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. म्हातारी माणसे आहेत तोवर जबाब लिहून घ्या.

२. देहरंग आणि मोरब्याच्या पाणीपट्टीतला ठरावीक वाटा पाणलोटातल्या ग्रामसभांना मिळावा, अशी मागणी दोन्ही महापालिकांकडे लेखी करावी. त्या पैशातून सलग समतल चर, जाळपट्टे आणि राखणदारांची मजुरी व्हावी.

३. कासाडीची उगमापासून खाडीपर्यंत एकच समिती असावी. तिच्यात डोंगरातली वाडी आणि खाडीतले कोळी यांना मतासह जागा असावी.

४. धबधबे आणि गडांच्या वाटांवर शुल्क घ्यायचे तर ते ग्रामसभेने घ्यावे, वाटाडे स्थानिक असावेत.

५. आणि हा ठराव आपल्यावर. या उन्हाळ्यात आपल्या गावाच्या हद्दीत वणवा लागला तर विझवायला घरटी एक माणूस निघेल. काडी ओढणारा आपला असला तरी त्याचे नाव ग्रामसभेत घेतले जाईल. प्रत्येक गावात निदान एका शेतकऱ्याने एक गुंठा तरी बिनराबाचा भात करून दाखवावा. बी आणि माहिती आम्ही आणून देऊ.

पाचवा ठराव आधी पाळला तर पहिले चार मागायला तोंड राहील.

बैठक संपवून निघाल तेव्हा अंधार पडला असेल. इमारतींच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतील आणि समोरचा डोंगर काळा दिसेल. खिडकीवाल्यांसाठी तेव्हा देखावा संपलेला असतो. वर वाड्यांतून चार-दोन दिवे दिसतात, ते नीट पाहून घ्या. देखावा संपल्यावरही डोंगरावर जो राहतो, त्याच्याकडे डोंगराचा कारभार असला पाहिजे. तो मागायला आपण एकत्र येत आहोत. येताना सातबाऱ्याची नक्कल आणि गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा.